बाप राजीनामा देतो का?

११ फेब्रुवारी २०१३, सोमवार. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि मी भूमितीची प्रमेयं घोकत बसलो होतो. संध्याकाळी टीव्हीवर बातम्यांच्या पट्टीत एक ओळ सरकत गेली : पोप बेनेडिक्ट सोळावे पद सोडणार. आजी समोर लसूण सोलत होती. मी तिला ती ओळ वाचून दाखवली. तिचा हात थांबला. म्हणाली, "बाप कुठं राजीनामा देतोय व्हय रं?"

आजी मूळची आजऱ्याची. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे गोव्यात आले, तेव्हा ती एसटीनं आंबोली घाट उतरून त्यांना बघायला गेली होती. एवढ्या गर्दीत तिला दिसला तो फक्त हात हलवणारा एक पांढरा ठिपका. पण त्या ठिपक्याचा कॅलेंडरातून कापलेला फोटो आमच्या घरच्या आल्तारावर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी, आजही आहे. तिच्या लेखी पोप हे पद नाही, नातं आहे. आणि शब्दही तिच्याच बाजूनं उभा राहतो. 'पोप' म्हणजे मुळात 'पप्पा'. कारकून राजीनामा देतो, मंत्री देतो. पप्पा कसा देणार?

हा प्रश्न इतकी वर्षं माझ्या डोक्यात आहे. आज उत्तर देतो. होय, बापानं राजीनामा द्यावा. एवढंच नाही, पोपला निवृत्तीचं वय ठरवून द्यावं, आणि ते ८० असावं. हे वाचून माझ्याच चर्चमधली माणसं रागावतील याची कल्पना आहे.

कोल्हापुरात कॅथलिक मूठभर. इथं ख्रिश्चन म्हटलं की बहुतेकांना अमेरिकन मिशन आणि वायल्डर चर्च आठवतं. पोप राहिला काय, गेला काय, रंकाळ्यावरच्या भेळीची चव बदलत नाही. मग तुम्ही हे का वाचावं? कारण खुर्ची न सोडण्याचा रोग एकट्या चर्चचा नाही. दूध संघ, साखर कारखाना, पतसंस्था, तरुण मंडळ, घर, कुठंही बघा. फरक इतकाच की आमच्यात या रोगाला पावित्र्याचं नाव दिलेलं आहे.

स्वीकारावा न लागणारा राजीनामा

त्या दिवशी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची एक नेहमीची बैठक होती, नव्या संतांच्या घोषणेसाठी. ती संपता संपता ८५ वर्षांच्या बेनेडिक्ट यांनी लॅटिनमध्ये एक छोटा मजकूर वाचला. शरीराची आणि मनाची ताकद या कामाला आता पुरत नाही. २८ फेब्रुवारीला रात्री आठ वाजता हे आसन रिकामं होईल, असा त्याचा सारांश. त्याआधी पद सोडणारे शेवटचे पोप म्हणजे ग्रेगरी बारावे, १४१५ मध्ये. तेही एकाच वेळी तिघे जण आपणच पोप असल्याचा दावा करत होते, तो घोळ मिटवण्यासाठी. त्यांच्याही आधी १२९४ मध्ये सेलेस्टिन पाचवे नावाचे एक वृद्ध संन्यासी पाच महिन्यांत पद सोडून मोकळे झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या पोपनं त्यांना एका किल्ल्यात डांबलं आणि तिथंच १२९६ मध्ये ते वारले. पायंडा असा भीतिदायक असल्यावर पुढच्यांनी धडा घेतला तर नवल नाही.

चर्चच्या कायद्यात मात्र राजीनाम्याची सोय स्पष्ट आहे. कॅनन ३३२ सांगतं की पोपचा राजीनामा त्यानं स्वतःच्या मर्जीनं दिलेला असावा आणि नीट जाहीर केलेला असावा. तो कुणी स्वीकारण्याची मात्र गरज नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ते का, हे समजायला रोमला जायला नको, मुंबईला गेलं तरी पुरे. २ मे २०२३ रोजी यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये शरद पवारांनी आपल्या पुस्तकाच्या प्रकाशनातच पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. सभागृहात नेते रडले, कार्यकर्ते हटून बसले. ५ मे रोजी पक्षाच्या समितीनं राजीनामा नामंजूर केला आणि त्याच दिवशी पवारांनी तो मागे घेतला. दोन महिन्यांत पक्ष फुटला आणि पुतण्यानं भर सभेत काकांचं वय काढून विचारलं, तुम्ही थांबणार आहात की नाही? त्याआधी १९९२ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांनी 'सामना'तून शिवसेना सोडत असल्याचं लिहिलं होतं. 'मातोश्री'बाहेर शिवसैनिकांची गर्दी लोटली आणि तो विषयही तिथंच संपला.

मी या दोघांच्या राजकारणाबद्दल बोलत नाही. बोलतोय ते राजीनाम्याच्या आपल्या पद्धतीबद्दल. आपल्याकडे राजीनामा हा निर्णय नसतो, प्रश्न असतो : मी नको झालोय का? आणि उत्तर ठरलेलं असतं : तुम्हीच हवेत! रडणारी माणसं खोटं रडत नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या रडण्यानं जाणाऱ्याची वाट अडते आणि येणाऱ्याचीही. बेनेडिक्ट यांना कुणी समिती नेमून अडवू शकलं नाही, कारण कायद्यानं तशी जागाच ठेवलेली नव्हती.

पेटी

वाट अडवणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे सांगतो.

माझे आजोबा चर्चमध्ये पेटी वाजवायचे. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सा गेली आणि लोकांच्या भाषेतली मिस्सा आली. मराठीत गायचं तर चाली पाहिजेत. त्या आजोबांनी बांधल्या. काही भजनाच्या अंगानं, काही चक्क नाट्यसंगीताच्या. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला त्यांची एक चाल सुरू झाली की बाहेर चपलांपाशी उभी असलेली माणसंसुद्धा आत सरकायची. कागदावर त्यातलं काहीही नव्हतं. सगळं डोक्यात आणि बोटांत.

सत्तरी उलटल्यावर त्यांची बोटं थरथरायला लागली. सूर चुकायचे, ताल सुटायचा. नव्या फादरांनी एकदा हळूच सुचवलं, दोन पोरांना तयार करू या. लगेच सगळे म्हणाले, छे, तुम्ही आहात तोवर दुसरं कोण? मी पण म्हणालो. मला तेव्हा पेटी शिकायची होती, तरीही म्हणालो, कारण तसं म्हणणं म्हणजे प्रेम, असं मला वाटायचं. आजोबा सुखावले. पेटीला हात लावायला त्यांनी कुणाला दिलं नाही. ते गेले त्यानंतरच्या रविवारी पेटी उघडलीच नाही. आता आमच्याकडे ब्लूटूथ स्पीकरवर यूट्यूबचा ट्रॅक लावतात आणि लोक तोंड न उघडता उभे राहतात.

कोल्हापूरच्या तालमींत एक म्हण ऐकायला मिळते : वस्ताद एक डाव राखून ठेवतो. पठ्ठ्यानं उद्या आपल्यालाच चीत करू नये म्हणून. ती हसत हसत सांगतात. पण राखलेला डाव वस्तादाबरोबर जळतो किंवा पुरला जातो, हे कुणी सांगत नाही.

क्रूस आणि खुर्ची

आता माझ्या विरोधातला सगळ्यात जड मुद्दा. तो आजीचाच आहे, पण तिच्यापेक्षा मोठमोठ्या धर्मपंडितांनीही मांडलेला आहे.

जॉन पॉल दुसऱ्यांना पार्किन्सन होता. मान झुकली, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. २७ मार्च २००५, पुनरुत्थानाचा रविवार. ते खिडकीत आले, समोर माइक धरला गेला, आणि शब्द फुटेना. मुक्यानंच त्यांनी आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी, २ एप्रिलला ते गेले. आजीनं ते टीव्हीवर पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. आम्हा कोल्हापूरकर कॅथलिकांना ते थोडे जास्तच आपले वाटायचे. त्यांच्या पोलंडमधली सुमारे पाच हजार निर्वासित माणसं १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहून गेलेली होती. तर मुद्दा असा : ख्रिस्त क्रुसावरून खाली उतरला नाही, मग त्याच्या प्रतिनिधीनं कसं उतरावं? दुःख सोसत राहणं हीच त्याची शिकवण नव्हे का?

त्या मुक्या आशीर्वादासमोर मीही हात जोडतो. आजारी, परावलंबी, थरथरत्या माणसाची लाज वाटून घेऊ नका, हे त्यांनी जगाला दाखवलं. पण त्यावरून 'पोपनं मरेपर्यंत पद सोडू नये' हा नियम काढायचा, तर एक गोष्ट नजरेआड करावी लागते. क्रूस ही खुर्ची नव्हती. क्रुसावरून फायलींवर सह्या होत नाहीत, बिशपांच्या नेमणुका होत नाहीत, लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंचे खटले निकाली निघत नाहीत. पोपपदावर हे सगळं अडतं. ज्या दिवशी पोप सही करू शकत नाही, त्या दिवशी पोपच्या नावानं दुसरं कुणीतरी राज्य करतं. ज्याला कुणी निवडलेलं नाही आणि ज्याला कुणी जाब विचारू शकत नाही. म्हाताऱ्या मालकाच्या नावावर दिवाणजीनं चालवलेला कारभार आपल्या वाड्यांनी कमी पाहिला आहे का?

आणि ख्रिस्ताचंच उदाहरण घ्यायचं तर पुरतं घेऊ या. पुनरुत्थानानंतर तो ४० दिवस राहिला आणि निघून गेला. स्वर्गारोहणाचा सण आपण दरवर्षी पाळतो. मी गेलो तर तुमचं हितच होईल, असं त्यानं शिष्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. कारभार दिला कुणाच्या हातात? मासे धरणाऱ्यांच्या, आणि त्यांच्यातल्या म्होरक्यानं त्याला एका रात्रीत तीनदा नाकारलं होतं. इतक्या कच्च्या माणसांवर सोपवून जाण्याला मी विश्वास म्हणतो. सोसणं जितकं ख्रिस्ती आहे, तितकंच हे निघून जाणंही ख्रिस्ती आहे.

न लिहिलेलं फंक्शन

आता जरा आकडे. बिशपांनी ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करावा असा नियम आहे. पोप पॉल सहाव्यांनी १९६६ मध्ये तशी विनंती केली आणि पुढं ती कायद्यात आली. १९७० मध्ये त्याच पोपनी ठरवलं की ८० वर्षांवरच्या कार्डिनलांना नव्या पोपच्या निवडणुकीत मत नाही. आपल्याच राज्यातलं ताजं उदाहरण : मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ८० पूर्ण केली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि मे महिन्यातल्या कॉन्क्लेव्हमध्ये त्यांना मत देता आलं नाही. २०१३ मध्ये त्यांनी दिलं होतं.

म्हणजे ८० वर्षांचा माणूस पोप निवडायला म्हातारा, पण पोप असायला नाही! पॉल सहावे स्वतः वारले तेव्हा त्यांचं वय ८० होतं.

याहून गंभीर गोष्ट कॅनन ३३५ मध्ये आहे. पोपचं आसन रिकामं असेल किंवा पोप पूर्णपणे असमर्थ असेल, तर त्या प्रसंगासाठी केलेल्या विशेष कायद्यांप्रमाणे चालावं, असं ते म्हणतं. आसन रिकामं झाल्यावरचे कायदे आहेत, तपशीलवार आहेत. पण पोप जिवंत आहे, कोमात आहे, बोलू-लिहू शकत नाही, तर काय, याचा विशेष कायदा केलेलाच नाही. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये फंक्शनला हाक मारली आहे, पण ते फंक्शन कुणी लिहिलेलंच नाही. अजून त्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचला नाही, म्हणून तो कोसळला नाही, इतकंच. शंभर कोटींहून जास्त माणसांची संस्था आणि तिची ही व्यवस्था! आमच्या ऑफिसात एखाद्या ज्युनिअरनं असं काही रिव्ह्यूला पाठवलं तर त्याला चहा न पाजता परत पाठवतील.

पोप फ्रान्सिसना हे कळत होतं. असमर्थ झालो तर वापरा म्हणून पद स्वीकारल्यावर लवकरच आपण राजीनाम्याचं पत्र लिहून दिलं आहे, हे त्यांनी २०२२ मध्ये सांगितलं. २०१८ मध्ये त्यांनी बिशपांच्या निवृत्तीवर एक फर्मानच काढलं होतं आणि त्याचं नाव होतं 'निरोप घ्यायला शिकणं'. निरोपाची तयारी कशी करावी, आपण अपरिहार्य आहोत हा समज कसा टाकावा, यावर त्यांनी फार चांगलं लिहिलं आहे. पण पोपपद मात्र आयुष्यभरासाठीच, असंही तेच म्हणत राहिले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांना रुग्णालयात दाखल केलं. ते ३८ दिवस तिथं होते. २१ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, ८८ व्या वर्षी ते गेले. गरिबांवर, निर्वासितांवर इतक्या मायेनं बोलणारा दुसरा पोप मी पाहिलेला नाही. म्हणूनच तक्रार करतो. बिशपांना शिकवलेला धडा त्यांनी स्वतःच्या खुर्चीलाही लावला असता, तर ते फर्मान नुसतं फर्मान राहिलं नसतं.

अर्धवट जाणं

इथं कुणी म्हणेल, बेनेडिक्ट गेले त्यानं काय भलं झालं? दोन पोपांचा गोंधळच झाला ना?

झाला. आणि याचं उत्तर टाळून चालणार नाही. बेनेडिक्ट यांनी पद सोडलं, पण पांढरा झगा सोडला नाही. 'पोप एमेरिटस' ही पदवी घेतली आणि व्हॅटिकनच्या भिंतीआतच एका मठात राहिले, ३१ डिसेंबर २०२२ रोजी वारले तोपर्यंत, जवळजवळ दहा वर्षं. फ्रान्सिस ज्यांना नको होते त्यांना एक जिवंत झेंडा मिळाला. जानेवारी २०२० मध्ये, ॲमेझॉनच्या जंगलभागात विवाहित पुरुषांना धर्मगुरू करावं का यावर फ्रान्सिस निर्णय देणार, नेमकं त्याच्या तोंडावर ब्रह्मचर्याची बाजू घेणारं एक पुस्तक आलं. त्यावर कार्डिनल सारा यांच्याबरोबर बेनेडिक्ट यांचं नाव होतं. ओरड झाल्यावर सहलेखक म्हणून आपलं नाव काढायला त्यांनी सांगितलं. पण बाण सुटून गेला होता. वस्तादानं तालीम सोडली, पण आखाड्याच्या कडेला खाट टाकली.

हा दोष राजीनाम्याचा नाही, अर्ध्या राजीनाम्याचा आहे. पद सोडणं आणि जागा रिकामी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त अवघड आहे. फ्रान्सिस म्हणाले होते की मी पायउतार झालोच तर 'रोमचा निवृत्त बिशप' म्हणवून घेईन आणि व्हॅटिकनमध्ये राहणार नाही. आजाराचा मुद्दा सोडा, निदान हे एवढं तरी कायद्यात लिहून ठेवायला हवं होतं.

मुंबई सोडलेला आर्चबिशप

पुरता राजीनामा कसा असतो, याचं उदाहरण शोधायला मला रोमपर्यंत जावं लागत नाही. ते मुंबईत घडलेलं आहे, आणि आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत आहे.

थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेज्विट १९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्या काळी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात १९२८ चा एक करार होता : मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनं एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. रॉबर्ट्स यांच्या आधीचे पोर्तुगीज होते, म्हणून हे इंग्रज. भारतीय माणसाची पाळी त्या करारात कधीच येणार नव्हती.

१९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस साहाय्यक बिशप झाले. गोव्याच्या कुटुंबातले, कराचीत जन्मलेले. आणि रॉबर्ट्स मुंबईतून बाहेर पडले. नाव त्यांचं, कारभार ग्रेशियस यांचा, अशी चार वर्षं गेली. जवळ बसून 'मार्गदर्शन' करायचं नाही, चुकला तर सावरायला दाराआड उभं राहायचं नाही. एक भारतीय माणूस हे धर्मप्रांत चालवू शकतो की नाही, हा वाद त्यांनी भाषणानं सोडवला नाही. ते उठून गेले आणि त्याला चालवू दिलं. १९५० मध्ये पोर्तुगालबरोबरची ती व्यवस्था संपली, डिसेंबरमध्ये रॉबर्ट्स यांनी रीतसर राजीनामा दिला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. दोन वर्षांनी, जानेवारी १९५३ मध्ये, भारताचे पहिले कार्डिनल.

रॉबर्ट्स तेव्हा ५७ वर्षांचे होते. आजारी नव्हते. थकले नव्हते. पुढं ते अण्वस्त्रांवर बोलले, संततिनियमनावर बोलले, रोमची नाराजीही त्यांनी ओढवून घेतली. म्हणजे जागा सोडणं म्हणजे तोंड शिवून घेणं नव्हे. पण ज्या खुर्चीवर आता दुसरा बसला आहे, तिच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं नाही.

माझ्या क्षेत्रातही असं एक उदाहरण आहे. पायथन ही भाषा घडवणाऱ्या गीडो व्हॅन रॉसमला तिच्या जगात एक थट्टेची पदवी होती : आजन्म कनवाळू हुकूमशहा. जुलै २०१८ मध्ये, एका वादाला कंटाळून, त्यानं ती सोडली, आणि वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाला. लोकांनी भांडून-तंडून नियम केले आणि पाच जणांचं मंडळ निवडलं. पहिल्या मंडळात तो पाचातला एक म्हणून होता, पुढच्या निवडणुकीतून त्यानं नाव मागे घेतलं. पायथन बंद पडली नाही. आज सकाळीही मी त्यातच काम केलं.

२०३५

पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ रोजी निवडून आले, ६९ व्या वर्षी. १४ सप्टेंबर २०३५ रोजी त्यांना ८० वर्षं पूर्ण होतील. माझं म्हणणं अगदी साधं आहे. त्यांनी आजच, तब्येत ठणठणीत असताना, सांगून टाकावं : त्या दिवशी मी जाईन. त्याआधी असमर्थ पोपसाठीचा विशेष कायदा लिहावा. आणि निवृत्त पोपनं कोणता झगा घालावा, कुठं राहावं, काय छापू नये, हेही लिहावं.

कायद्याचे जाणकार म्हणतील की एक पोप पुढच्या पोपला बांधून ठेवू शकत नाही. खरं आहे. पण पायंडा पाडू शकतो. सलग दोघा-तिघांनी ८० व्या वर्षी खुर्ची सोडली, तर चौथ्याला न सोडण्याचं कारण द्यावं लागेल. आज उलटं आहे. सोडणाऱ्याला कारण द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप : निवृत्तीचं वय ठेवलं की पोपवर दबाव येईल. मला तर उलट वाटतं. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये फ्रान्सिस यांच्या प्रत्येक श्वासावर बातम्या होत होत्या, आता सोडतील, उद्या सोडतील, अशा अफवा रोज उठत होत्या. तारीख ठरलेली असती तर आजारी माणसाला शांतपणे आजारी राहता आलं असतं.

राहिला आजीचा प्रश्न. बाप राजीनामा देतो का?

आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. धान्याची कोठी, कपाट, पाठीमागचं दार. २०१९ च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना तिनं तो जुडगा काढला आणि माझ्या आईच्या हातात दिला. कसला समारंभ नाही, भाषण नाही. त्यानंतर आमटीत मीठ कमी पडलं तरी ती बोलली नाही. नाताळच्या नेवऱ्या आई वेगळ्या मोडते, आजीला ते पटत नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसतं. पण ती स्वयंपाकघरात जात नाही, बाहेर सोप्यात बसते. ती आजी राहिली नाही का? आई तिच्या जागी सासू झाली का? नातं तिथंच आहे. फक्त किल्ल्या दुसऱ्याकडे आहेत. येशूनं पेत्राला नात्याबरोबर किल्ल्याही दिल्या होत्या, आणि किल्ल्या पुढं द्यायच्याच असतात.

हे सगळं मी परवा तिला वाचून दाखवलं. रॉबर्ट्स तिला आवडले. पोपच्या वयाचं अजून पटलेलं नाही. "त्ये मोठ्या लोकांचं त्ये बघतील," म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, "आजोबाच्या चाली तुला येत्यात न्हवं?"

"चार येतात."

"मग तू कुणाला शिकवल्यास?"

मला उत्तर देता आलं नाही. पेटी माळ्यावर आहे. भाता फाटलाय का ते बघायचंय.